समासातली माणसं

रविवारी चर्चमध्ये आमच्या पाळकसाहेबांचा उपदेश होईलच, याची खात्री कुणालाच नसायची. गाणी व्हायची, प्रार्थना व्हायची, शास्त्रवाचन व्हायचं, आणि मग साहेब उठून पुढं यायचे, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि सांगायचे, "आज उपदेश न्हाय. पुस्तकाचं आन् अणदूरच्या मेंढक्याचं पटलं न्हाय. कोण खरं ते कळलं की सांगतो." एवढं बोलून ते सरळ खाली बसायचे. पोरं खूश व्हायची. बायका भाकरीचं बघायला लवकर निघायच्या. पंच मंडळी तेवढी दाराबाहेर तोंडं वाकडी करून उभी असायची, आणि त्यांच्याहून वाकडं तोंड माझं असायचं. मी तिथला सहपाळक होतो आणि असल्या रविवारी लोक मला म्हणायचे, "आता तुमी तरी कायतर बोला की."

मी बोलायचोही. मला बोलायला फार आवडायचं. धर्मशिक्षणाच्या कॉलेजातून पहिल्या वर्गाचं प्रमाणपत्र घेऊन मी धाराशिवला आलो होतो, वय तिशीचं, बायको आणि एक लेकरू पदरात, आणि डोक्यात इतकी पुस्तकं की माणसांना जागाच नव्हती. हे आता कळतंय. तेव्हा वाटायचं, या गावात शिकलेला म्हणून काय तो मी एकटाच.

साहेबांकडं पुस्तकं होती सात. पवित्र शास्त्र सोडून सात. पाळकाच्या घरात सातच पुस्तकं बघून मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. शिवाय प्रत्येकाला एक नाव दिलेलं. नव्या करारातल्या पत्रांवरच्या एका जाडजूड भाष्याला ते मुकादम म्हणायचे. "ढोकीच्या कारखान्यावर ऊसतोडीचा मुकादम असतोय बघ, तसलं हाय हे. सगळ्यांना कामाला लावतंय आन् सोता सावलीत बसतंय." प्रार्थनेवरचं एक पातळ पुस्तक होतं, ते आक्का, कारण ते न रागावता सांगायचं. उपदेश कसा करावा हे शिकवणारं पुस्तक म्हणजे बँडवाला. आणि काळ्या पुठ्ठ्याचं, दुःखावरचं एक होतं, कुणा परदेशी माणसानं लिहिलेलं आणि इकडच्या कुणीतरी जड मराठीत आणलेलं. त्याचं नाव जावई. का, तर त्याच्यासमोर कुणाची उलट बोलायची टाप नसते.

त्यांची रीत अशी होती. सोमवारी या सातांतलं एखादं उघडायचं आणि येत्या रविवारी ज्याच्यावर बोलायचं ते एक वाक्य निवडायचं. एकच. मंगळवारभर ते घोळवून साध्या बोलीत आणायचं. बुधवारी सकाळी पुस्तक कापडी पिशवीत घालून एसटी स्टँडवर जायचं आणि त्या वाक्यातलं ज्याला कळत असेल अशा माणसाच्या गावाची बस धरायची. तेर, ढोकी, अणदूर, कुठलीही. बसमध्ये खिडकीशी पुस्तक बसायचं आणि साहेब त्याच्या शेजारी. कंडक्टर ओरडला की म्हणायचे, "लई दिवस कपाटात हुतं, जरा वारं लागू द्या." गावात गेल्यावर त्या माणसाला ते वाक्य सांगायचं आणि विचारायचं, "हे खरं का?" माणूस ख्रिस्ती असायला पाहिजे असं काही नव्हतं, बहुतेक नसायचाच. तो जे म्हणेल ते साहेब तिथंच बांधावर बसून पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहायचे. गाव, माणूस, आणि व्हय किंवा न्हाय. कधी पुढं चार शब्द.

न्हाय आलं की त्या रविवारी उपदेश नाही.

मेंढपाळाचं तसंच झालं होतं. पुस्तकात म्हटलं होतं की कळप आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतो. देव मेंढपाळ आणि आपण मेंढरं, ही आमच्याकडं फार लाडकी उपमा. मी स्वतः तिच्यावर दहा उपदेश केले असतील आणि एकही मेंढरू जवळून बघितलेलं नव्हतं. अणदूरच्या मेंढपाळानं साहेबांना सांगितलं, "वळकत्यात की. पर वारं सुटलं का न्हाय वळकत. मग कुनाच्या बी मागं जात्यात. तवा हाका मारून भागत न्हाय, आपुनच पळावं लागतंय." साहेब तीन रविवार उपदेशाविना बसून राहिले. चौथ्या रविवारी उठले आणि जेमतेम दहा मिनिटं बोलले, सगळं वाऱ्यावर. वारं सुटलं की लेकराला बापाची हाक ऐकू येत नाही, त्यात लेकराचा दोष नाही आणि हाकेचाही नाही, अशा वेळी देव हाका मारत बसत नाही, धावत सुटतो, असं काहीतरी. मागच्या बाकावर एक माणूस होता, दारूपायी दोन वर्षं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तोंड न दाखवलेला. तो हमसून हमसून रडला. माझ्या दहा उपदेशांत कुणी रडल्याचं मला आठवत नाही. जांभया आठवतात.

पंच कमिटीनं यावर बैठक बोलावली. आपले पाळक देवाच्या गोष्टी बाहेरच्या माणसांना विचारत फिरतात, लोक हसतात, अशी तक्रार होती, आणि खोटं कशाला बोलू, ती तक्रार कागदावर मीच लिहून दिली होती, माझं अक्षर चांगलं म्हणून. साहेबांनी ती शांतपणे ऐकली. म्हणाले, "मी त्याला देवाचं कुठं इचारलं? मेंढरांचं इचारलं. देवाचं मला थोडंफार ठावं हाय, मेंढरांचं काय मालूम?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अक्षर बेस हाय हां तुझं." मी खाली बघितलं.

पुढं एकदा मी त्यांना तावातावानं विचारलं की ही पुस्तकं लिहिणारे एवढे मोठे विद्वान, त्यांच्या वाक्याला एखादा शेळ्या राखणारा न्हाय म्हणतो तेव्हा तुम्ही नक्की कुणाचं खरं धरता? ते अंगणात बसून शेंगा फोडत होते. "दोघांचं," म्हणाले. "पुस्तक खोटं असतं तर टाकून दिलं नसतं का? पर लिवणारा इकडं कधी आला न्हाय. त्यानं त्याचं सांगितलं, ह्यानं ह्याचं. दोघं एका पानावर राहू देत. एकमेकाची वळख होईल." मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं. परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर शून्य मार्क पडले असते.

निवृत्त झाले तेव्हा त्यांना काचबिंदू झाला होता. एका डोळ्याचं दिसणं गेलेलं, दुसऱ्याचं जाऊ घातलेलं. बायको आधीच वारली होती. लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिच्याबरोबर ते समर्थनगरात दोन खोल्यांत राहायला गेले. जाताना सातही पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवली. "पाठ करू नको," म्हणाले, "भांडत जा." मी पाया पडलो. पुस्तकं कपाटात ठेवली आणि खरंच सांगतो, वर्षभर त्यांतलं एकही उघडलं नाही. मला उपदेशाची सामग्री हवी असली की मोबाईल होता. तयार मुद्दे, तयार दाखले, वर प्रार्थनाही तयार.

मग मंडळीच्या वर्धापनदिनाला मोठे पाहुणे येणार असं ठरलं. चर्चच्या दर्शनी भागात काचेचं कपाट करायचं आणि त्यात साहेबांची पुस्तकं मांडायची, ही कल्पना माझी. त्यांचा मान म्हणून. मनापासून म्हणत होतो, फक्त त्यात माझंही नाव होईल हे जरा आतल्या बाजूला होतं. पुस्तकांची अवस्था वाईट होती. पुठ्ठे सुटलेले, कोपरे दुमडलेले, पानांच्या कडा हात लागून काळ्या झालेल्या. मी ती पिशवीत भरून सोलापूरला एका बाइंडरकडं नेली. त्यानं दोन-चार पानं चाळली, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "काठ लई घाण झालेत साहेब. ह्याच्यावर पेन्सिलीचं बी कायबाय लिव्हलंय. मशीनवर टाकून तिन्ही बाजू कापून घेतो, नव्यासारखी दिसतील."

माझी परतीची बस होती. मी म्हटलं, "कापा."

एवढंच. पुष्कळदा मी तो क्षण आठवून बघतो, तिथं काही थांबण्यासारखं होतं का म्हणून. होतं. त्यानं स्वतः सांगितलं होतं की लिहिलेलं आहे. मला माहीत होतं ते काय आहे. पण माझ्या लेखी छापलेलं तेवढं पुस्तक आणि पेन्सिलीनं लिहिलेलं म्हणजे मळ.

पंधरा दिवसांनी पुस्तकं आली. लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं, कडा सुरीसारख्या सरळ. पाहुण्यांनी वाखाणली. फोटो निघाले, ग्रुपवर गेले, अंगठ्यांचा पाऊस पडला. साहेबांना रिक्षातून आणलं होतं. मी मुकादम त्यांच्या हातात दिला. त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला, मग अंगठा पानांच्या कडेवरून वरून खाली नेला, पुन्हा खालून वर. "गुळगुळीत झालंय," म्हणाले. मला वाटलं, कौतुक केलं.

त्यानंतर पावसाळा संपता संपता त्यांच्या लेकीचा फोन आला की बाबांनी बोलावलंय, येताना दुःखाचं पुस्तक आणायला सांगितलंय. मी गेलो. साहेब पलंगावर उशीला टेकून बसले होते. आता दुसऱ्या डोळ्यानंही फक्त उजेड कळायचा. त्यांनी मला पान सांगितलं. आकडा तोंडपाठ होता. मी वाचलं. लेकरू गेलेल्या आईबापांसाठी लिहिलेला भाग होता तो. असं दुःख देव माणसाला काही शिकवण्यासाठीच देतो आणि पुढं कधीतरी त्या आईबापांना ते पटतं, असा त्याचा मथितार्थ. वाचून मी थांबलो.

"काठाला काय हाय?" साहेबांनी विचारलं.

मी पानाकडं बघितलं. छापील ओळ संपत होती आणि लगेच कागद संपत होता. कडेला पेन्सिलीचा एक अर्धा फराटा उरला होता, कशाचा ते कळत नव्हतं.

"तिथं माझ्या कारभारणीचं हाय," साहेब म्हणाले. "आमचा ल्योक चार वर्षांचा हुता, तापानं गेला. वर्षानं म्या हे पान तिला वाचून दाखिवलं, आन् इचारलं, खरं का. काय म्हणली ते लिव्हलंय. वाच."

खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर दुसरंच आलं. मी विचार केला, आंधळा म्हातारा माणूस, आयुष्यभर देवाची सेवा केलेला, त्याच्या बायकोनं दुसरं काय म्हटलं असणार? पाळकाची बायको. मी म्हटलं, "व्हय. व्हय असं लिहिलंय साहेब."

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. मग म्हणाले, "बरं. ठेव." आणि लेकीला हाक मारून मला चहा द्यायला सांगितलं.

ती चहा घेऊन आली नाही, दाराशीच उभी होती. मी निघालो तशी माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली. शाळेत पोरांना दरडावणारी बाई, पण आवाज अगदी खाली होता. "आईनं न्हाय म्हटलं होतं," ती म्हणाली. "मी आठ वर्षांची होते, चुलीपाशी बसले होते. बाबांनी तीनदा विचारलं आणि ती तीनदा न्हाय म्हणाली. शेवटी म्हणाली, देवाला शिकवायचंच हुतं तर मला शिकवायचं, त्याला कशाला न्यायचं. बाबांनी तेही लिहून घेतलं. त्यानंतर त्या पानावर ते आयुष्यात कधी बोलले नाहीत. माझा भाऊ गेला त्या तारखेला दर वर्षी ते पान उघडून तिचे शब्द वाचायचे. आज तो दिवस आहे."

मी म्हटलं, "ताई, मी आत जाऊन सांगतो."

"काय सांगणार? त्यांना कळलंय," ती म्हणाली. "अंगठा फिरवला त्याच दिवशी कळलं होतं. त्यांना वाटलं, तुम्ही सांगाल."

म्हणजे शब्द गेले हे त्यांना ठाऊक होतं. तरी बोलावलं. मला खरं बोलायला एक जागा करून दिली, आणि मी तिथं त्यांच्या बायकोच्या तोंडी खोटं घातलं. मी परत आत गेलो नाही. जिना उतरलो. आयुष्यात मी जी काही पापं लोकांना व्यासपीठावरून समजावून सांगितली, त्यांत हे कधी आलं नाही. याला नाव काय द्यायचं तेच मला माहीत नाही.

पुढं दीड वर्ष ते जगले. मी दर आठवड्याला जायचो. ते प्रेमानं बोलायचे, उन्हाचं, एसटीचं, माझ्या पोराच्या बारावीचं. पुस्तक आण असं मात्र पुन्हा कधी म्हणाले नाहीत. मीही विषय काढला नाही. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी चहा पिऊन यायचो. ते गेले त्याच्या आदल्या शुक्रवारीही मी चहाच पिऊन आलो.

मातीला माझ्या अपेक्षेपेक्षा फार माणसं आली. अर्ध्याअधिक मला अनोळखी. पटकेवाले, धोतरवाले, शेळ्या कुणाकडं तरी सोपवून आलेल्या बाया. मी उपदेश केला. चांगला झाला असं लोक म्हणाले.

महिनाभरानं चर्चमध्ये एक म्हातारी आली. पायात टायरच्या चपला, हातात पिशवी. दाराबाहेरच उभी राहिली. मी बोलावलं तेव्हा आत आली आणि काचेच्या कपाटाकडं बघत म्हणाली, "ह्यात माझं हाय. साहेबांनी लिवून ठिवलंय. दावा की जरा. मला वाचता येत न्हाय, तुमीच वाचा."

कुठून आलात, विचारलं. तेरहून. काय विचारलं होतं साहेबांनी?

"माझ्या दिरानं नदीकडचं रान गिळलं माझं," ती म्हणाली. "माझा मालक गेल्यावर. तवा साहेबांनी इचारलं हुतं, माणसाला माफ केलं की जीव हलका हुतो म्हणत्यात, खरं का. म्या कायतरी म्हणले. लई येळ इचार करून म्हणले हुते. आता त्यो दीर आंथरुणाला खिळलाय. बोलवणं धाडलंय, यिऊन जा म्हणून. जाऊ का नको कळंना. म्हणलं, तवा आपुन काय म्हणलो ते बघावं आन् मग ठरवावं."

या वेळी मी खोटं बोललो नाही. कपाट उघडलं, त्यातलं एक पुस्तक तिच्या हातात दिलं आणि सांगितलं की सगळे काठ कापले गेले, मीच कापायला सांगितले, तुमचं लिहिलेलं आता कुठंच नाही. तिनं पान उलटंपालटं करून बघितलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग तुमास्नी तरी याद असंल," ती म्हणाली. "तुमी बी आला हुता की त्या दिशी साहेबांसंगं."

मी नाही म्हणणार होतो, पण तिनं पुढं सांगितलं, "फाट्यावर हुबं हुता. बस आली का बघत." आणि मला आठवलं. एकदा साहेबांनी मला बळंच नेलं होतं. ऊन होतं, मी कंटाळलो होतो, बाई काही बोलतच नव्हती, म्हणून मी मोबाईल घेऊन फाट्यावर जाऊन उभा राहिलो. वीस पावलं इकडं थांबलो असतो तर तिनं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं असतं.

"न्हाय का याद?" तिनं विचारलं. "मला बी न्हाय. वय झालं." मग म्हणाली, "बरं, तुमी सांगा. जाऊ का नको?"

क्षमेवर मी सबंध आठवडाभराची शिबिरं घेतली आहेत. मला त्यावर कितीही वेळ बोलता येतं. पण पुस्तक तिच्या हातात होतं आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि माझ्याजवळ तिच्यासाठी माझं असं एकही वाक्य नव्हतं. मी म्हटलं, "आजी, मला नाही सांगता येत." तिनं पुस्तक दोन्ही हातांनी परत दिलं, पदर सारखा केला आणि दुपारच्या बसनं ती गेली.

दिराकडं ती गेली की नाही, गेली तर तिचा जीव हलका झाला की नाही, मला ठाऊक नाही. जाऊन विचारता येईल. तेर काही लांब नाही, बसही तासातासाला असते. याला आता तीन वर्षं होतील आणि मी अजून गेलेलो नाही.